इलेक्ट्रिक पिकअप खाली घ्यायचीय? मोजपट्टी आधी बॅटरीच्या तळाला लावा

कुडाळजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये खाली घेतलेल्या, म्हणजे सस्पेंशन बदलून उंची कमी केलेल्या, ज्या इलेक्ट्रिक पिकअप येतात, त्यातल्या बहुतेक दुरुस्तीसाठीच येतात. चूक जवळजवळ प्रत्येक वेळी तीच असते. डिझेलच्या टेम्पोला जे करत आलो तेच इलेक्ट्रिकला करून टाकलेलं असतं.

डिझेल गाडीत जमिनीला सगळ्यात जवळचा भाग म्हणजे मागच्या एक्सलचं हाउसिंग. ते लोखंडाचं असतं, दगडाला घासलं तरी सहसा फक्त रंग जातो. इलेक्ट्रिक गाडीत हौद्याखाली चेसिसला बॅटरीची पेटी टांगलेली असते. हाउसिंग चाकांच्या ओळीत असल्यामुळे उंचवट्यावर चाकाबरोबर तेही वर उचललं जातं. बॅटरीची पेटी मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध असते, त्यामुळे गतिरोधकाचा माथा नेमका तिच्याखाली येतो. म्हणून या गाडीचं मोजमाप वेगळं, कामाचा क्रमही वेगळा. आधी सगळे टप्पे एकदा वाचून घ्या, कारण टप्पा ९ आणि १० मधली काही मापं काम सुरू करण्याआधीच घ्यायची आहेत. मग काम दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा वगळलात तर पुढच्या टप्प्यातली तपासणी खोटी ठरते.

टप्पा १ : गाडी खाली घेण्यासारखी आहे का, हे ठरवा

हंगामात आंब्याच्या पेट्या, बर्फातली मासळी किंवा चिरे वाहणारी गाडी खाली घेऊ नका. यात मी सूट देत नाही. मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, भार पडल्यावर दबण्यासाठीच उंच ठेवलेले असतात. रिकाम्या गाडीची मागची बाजू वर दिसते ती त्यामुळे. ती उंची काढली की भारासाठी ठेवलेली जागाच गेली.

दुकानाच्या जाहिरातीची गाडी, खाद्यपदार्थांची हलकी गाडी, जत्रेत आणि प्रदर्शनात उभी राहणारी हौसेची गाडी, या मात्र थोड्या खाली घेता येतात. थोड्या म्हणजे माझ्या हिशोबाने मागे जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि पुढे २० ते २५. मागे जास्त घेतल्यामुळे गाडी सपाट दिसते, आणि डोळ्याला तेच हवं असतं. मुलं येतात, गाडीभोवती दोन फेऱ्या मारतात आणि म्हणतात, "मेस्त्री, अजून दोन इंच खाली घेवया." दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर. ते कुठून आणायचे, हे टप्पा ३ मधली मोजणी झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळतं.

मोबाइलवर दिसणाऱ्या परदेशी पिकअपशी तुलना करू नका. रिव्हियन आर१टीला आणि टेस्ला सायबरट्रकच्या बहुतेक प्रकारांना कंपनीतूनच हवेचं सस्पेंशन असतं, गाडी बटणावर वर-खाली होते. फोर्ड एफ-१५० लाइटनिंगला मागे दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंग आहेत. आपल्याकडच्या छोट्या मालवाहू इलेक्ट्रिक गाड्यांना मागे बहुतेक पाटेच असतात. त्यांचं किट यांना बसत नाही, त्यांची पद्धतही यांना चालत नाही.

टप्पा २ : पाना हातात घेण्याआधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, गाडीची माहिती नोंदणी पुस्तकातल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. "प्रत्येक बदलाला" हे शब्द लक्षात ठेवा. पाटे वेगळे, चाकं वेगळी.

म्हणून आधी आपल्या परिवहन कार्यालयात जा. एमएच-०७ वाल्यांनी ओरोसला, एमएच-०८ वाल्यांनी रत्नागिरीला. काय बदलणार, किती मिलिमीटर, कुठले भाग, हे एका कागदावर लिहून द्या आणि उत्तर लेखी घ्या. खिडकीवरच्या तोंडी "चालेल" ला काही अर्थ नाही. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस करावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न कधी ना कधी समोर येणारच. विमा कंपनीलाही कळवा. बॅटरीच्या वॉरंटीची अट नीट वाचा, कारण बॅटरी ही गाडीतली सगळ्यात महाग वस्तू आहे.

सावधान : परवानगी मिळाली नाही तर गाडी रस्त्यासाठी खाली घेऊ नका. फाळक्याखाली दोन्ही बाजूंना स्कर्ट लावून आणि रंगाचा खालचा पट्टा गडद करूनही गाडी बसलेली दिसते. त्यासाठीसुद्धा आधी विचारा, पण त्यात निदान सस्पेंशनला हात लागत नाही.

टप्पा ३ : मोजणी

यात अर्धा दिवस जातो आणि तो जायलाच हवा. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करा. हँडब्रेक लावण्याआधी गाडी दोन हात पुढे-मागे ढकला, म्हणजे पाटे मोकळे बसतील. मग चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. जमिनीपासून मोजलं तर टायरमधल्या हवेच्या फरकाने आकडा फसतो.

आता बॅटरी. गाडीखाली जाऊन पेटीचा सगळ्यात खालचा बिंदू शोधा. तो पेटीचा तळ असेलच असं नाही. पुष्कळदा एखादा बोल्ट, कंस किंवा थंडाव्याच्या पाइपचं तोंड त्याहून खाली असतं. तिथून जमिनीपर्यंतचं अंतर लिहा. मग हौद्यात सिमेंटची पोती ठेवा. पोतं ५० किलोचं असतं, त्यामुळे हिशोब सोपा. सहा पोत्यांवर एकदा आणि तुम्ही जास्तीत जास्त जेवढं वजन नेणार तेवढ्यावर एकदा, सगळी मापं पुन्हा घ्या. गाडी किती दबते हे आता तुमच्यासमोर आकड्यात आहे.

यानंतर बंप स्टॉप पाहा. एक्सल वर आला की जो रबरी ठोकळा त्याला अडवतो, तो हा. रिकाम्या गाडीत ठोकळा आणि एक्सल यांच्यामध्ये किती जागा आहे ते मोजा.

सगळ्या कामाचा पाया इथे आहे, म्हणून थोडं थांबून समजून घ्या. बंप स्टॉप जागेवर असेपर्यंत गाडी खाली घेतली तरी बॅटरी खड्ड्यात पूर्वीपेक्षा जास्त खाली जाऊ शकत नाही. एक्सल ठोकळ्याला टेकला की संपलं, आणि ठोकळा कंपनीने जिथे ठेवला तिथेच आहे. कमी होते ती टेकण्याआधीची मोकळी चाल. समजा ती जागा ७० मिलिमीटर आहे. ४० मिलिमीटर खाली घेतली की उरले ३०. मग प्रत्येक खड्ड्यात धाडकन आवाज येतो आणि कोणीतरी सांगतो, रबर कापून टाक. रबर कापलं की बॅटरीचं शेवटचं राखण गेलं. ते रबर कापायचं नाही. आवाज सहन होत नसेल तर गाडी फार खाली घेतली आहे, थोडी वर घ्या.

तपासा : खाली घेतल्यावर, तुमच्या जास्तीत जास्त वजनासह, बंप स्टॉपपर्यंत निदान ३० मिलिमीटर जागा उरते का? उरत नसेल तर आकडा कमी करा.

टप्पा ४ : थर्माकोलची चाचणी

ही चाचणी फुकट होते आणि तिच्यामुळे बरेच लोक योग्य आकड्यावर येतात. मासळी बाजारातलं थर्माकोलचं फुटकं खोकं घ्या. जेवढं खाली घ्यायचं ठरवलंय तेवढ्याच जाडीचा तुकडा कापा आणि बॅटरीच्या सगळ्यात खालच्या बिंदूखाली चिकटपट्टीने लावा. वाराखिडकी, निचऱ्याचं भोक किंवा गरम भाग झाकू नका. मग आठ दिवस नेहमीच्याच वाटेने गाडी चालवा. घराची उतरण, वाडीतली पाखाडी, मोरीवरचा चढ, जेटीचा रस्ता, सगळं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. असा असेल तर गाडी त्यावरून अलगद जाते. आपल्या वाड्यांमध्ये लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक अरुंद आणि टोकदार असतात, आणि इजा तेच करतात. आठ दिवसांनी तुकडा काढून पाहा. नुसता चिखल लागलेला असेल तर ठीक. तुकड्यावर चर पडला असेल तर तो चर तुमच्या बॅटरीवर पडला असता. चराची खोली मोजा, तेवढी ठरवलेल्या आकड्यातून वजा करा, नवा तुकडा लावा आणि पुन्हा आठ दिवस.

एकदा पावसाळ्यातही ही चाचणी करा, किंवा निदान ऑक्टोबरमध्ये. जूनपासून आपले रस्ते वेगळेच होतात.

टप्पा ५ : साहित्य आणि गंज

खाऱ्या हवेत दोन वर्षं फिरलेल्या गाडीचे यू बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणारे बोल्ट, सरळ सुटत नाहीत. कामाच्या दोन दिवस आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि गंज सोडवणारं तेल रात्री आणि सकाळी मारा. मासळीची गाडी असेल तर आधी गोड्या पाण्याने खालून धुवा आणि दिवसभर वाळू द्या.

लागणाऱ्या वस्तू : चारही यू बोल्ट आणि नट नवे, सेंटर बोल्ट नवे, पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकांच्या गोल कड्यांतले) बुश, खाली घेतलेल्या उंचीला साजेसे आखूड शॉकअप, टॉर्क पाना, दोन ट्रॉली जॅक, चार लोखंडी स्टँड, पांढऱ्या रंगाची बाटली.

इथे किनाऱ्यावरची खास चूक सांगतो. गंजू नये म्हणून लोक सस्पेंशनला स्टेनलेसचे बोल्ट घालतात. बाजारात सहज मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट साधारण ७०० मेगापास्कल ताण सोसतो, ८.८ चा बोल्ट ८००, आणि १०.९ चा १,०००. कंपनीने जो दर्जा घातला आहे तोच घ्या. गंज थांबवायला जस्ताचा प्रायमर आणि वरून ग्रीस आहे.

सावधान : जुना यू बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा ताणला गेलेला बोल्ट दुसऱ्यांदा तोच ताण धरेल याची खात्री नसते.

टप्पा ६ : वीज बंद, मग गाडी वर

चार्जर काढा. चावी काढून गाडीपासून लांब ठेवा. १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडा आणि तिच्या टोकाला कापड गुंडाळा. मोटर मागच्या एक्सलवरच बसवलेली असेल, तर मुख्य बॅटरीचा वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढणं गरजेचं आहे. ते काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ राहते, त्यासाठी माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ पूर्ण थांबा. नारिंगी केबलचं कुठलंही कनेक्टर स्वतः उघडायचं नाही. ती केबल उच्च व्होल्टेजची असते.

आता जॅक. जॅक बॅटरीच्या पेटीखाली कधीही लावायचा नाही, मध्ये लाकूड ठेवूनसुद्धा नाही. पेटीचा पत्रा आत गेला तर बाहेरून पोचा दिसतो, आत काय झालं ते दिसत नाही. पुस्तिकेत दाखवलेल्या चेसिसच्या जागी किंवा एक्सलखालीच जॅक लावा. दोन खांबांची लिफ्ट असेल तर तिचे हात पेटीच्या कडेला घासत नाहीत ना, ते आडवं होऊन डोळ्यांनी पाहा.

आणि चिऱ्यावर गाडी ठेवू नका. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात, सवयीने दोन चिरे रचून त्यावर चेसिस टेकवली जाते. जांभा भिंतीत पसरलेला भार पेलतो. लोखंडाच्या अरुंद कडेखाली तो भुगा होतो, आणि ओला असेल तर आणखी लवकर. लोखंडी स्टँडच लावा. अंगण मातीचं असेल तर स्टँडखाली जाड लोखंडी पत्रा ठेवा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारा.

तपासा : गाडी स्टँडवर आली की बाजूने जोरात हलवून पाहा. हलली तर उतरवा आणि पुन्हा लावा. त्याआधी खाली जाऊ नका.

टप्पा ७ : मागचे पाटे

आधी एक गोष्ट नीट पाहा. पाटे एक्सलच्या वर आहेत की खाली? पाटे खाली असतील तर पाटे आणि एक्सल यांच्या मध्ये ठोकळा घालून गाडी खाली येते. पाटे वर असतील तर तोच ठोकळा गाडी उचलतो. बहुतेक छोट्या मालवाहू गाड्यांत पाटे एक्सलच्या वर असतात. ठोकळ्यांचं किट ऑनलाइन मागवून, ते बसवून, गाडी दोन इंच उंच झालेली मी पाहिली आहे. शॅकलचंही, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचंही, असंच. शॅकल चेसिसपासून खाली लोंबत असेल तर लांब शॅकल घातल्याने गाडी वर जाते.

एक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवायचा, ही परदेशी युक्ती इथे नकोच. त्यात गाडी एक्सलच्या नळीची आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून एवढी खाली येते, आणि बॅटरी तेवढं सोसत नाही.

आपल्यासाठी उरतो तो पाट्यांचा बाक कमी करणं. पाट्यांच्या कारागिराकडून थंड अवस्थेत दाबून बाक कमी करून घ्यायचा. हिशोब सरळ आहे. पाट्यांचा कडकपणा तोच राहतो, त्यामुळे बाक जेवढा कमी होईल तेवढीच गाडी खाली येते. पाटा काढल्यावर दोन्ही डोळ्यांच्या मध्यातून दोरा ताणा आणि दोऱ्यापासून मेन पाट्यापर्यंतचं मधलं अंतर मोजा. हे माप कागदावर लिहून कारागिराला द्या. "थोडा बसव" असं सांगू नका. परत आल्यावर दोन्ही बाजूंत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर परत पाठवा.

कामाचा क्रम असा :

१. दुसऱ्या जॅकने एक्सलला खालून आधार द्या. मोटर एक्सलवर असेल तर तो फार जड असतो. आधार नसेल तर सगळं वजन केबल आणि ब्रेकच्या नळीवर येतं.
२. एका वेळी एकच बाजू सोडा. दुसरी बाजू बांधलेली राहिली तर एक्सल जागचा हलत नाही.
३. शॉकअप, मग यू बोल्ट, मग शॅकलचं टोक, शेवटी पुढचं टोक. बसवताना उलटा क्रम.
४. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात पूर्ण बसलंय याची बोटाने खात्री करा. अर्धवट बसलं तर एक्सल तिरका राहतो आणि गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते.
५. यू बोल्टचे नट समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत, पुस्तिकेतल्या टॉर्कपर्यंत. मग प्रत्येक नट आणि बोल्टवर एकच पांढरी रेघ मारा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.
६. डोळ्यांतले आणि शॅकलचे बोल्ट मात्र आत्ता फक्त हाताने लावा. ते गाडी जमिनीवर उतरल्यावर, वजन आल्यावर घट्ट करायचे. गाडी हवेत असताना घट्ट केलेला रबरी बुश वजन आलं की पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

बाक कमी झाला की पाट्याची लांबी किंचित वाढते आणि शॅकल मागे कलतो. तो जवळजवळ आडवा झाला तर पाट्याला हलायला जागा राहत नाही.

सावधान : पाटा गॅसने तापवून बसवायचा नाही. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत होणारं काम हेच असतं. तापवलं की स्प्रिंगच्या लोखंडाचं पाणी उतरतं, तो पाटा पुढे बसतच जातो किंवा तुटतो. संचातला एखादा पाटा काढूनही गाडी खाली घेऊ नका, त्याने ताकद जाते. आणि बॅटरी गाडीत असताना तिच्याजवळ ना गॅस, ना वेल्डिंग.

टप्पा ८ : पुढची बाजू

पुढे पाटे असतील तर वरचीच पद्धत. कॉइल असतील तर त्याच गाडीसाठी बनवलेल्या आखूड कॉइल घ्या. कडी कापलेली कॉइल बैठकीत नीट बसत नाही आणि चाक मोकळं झालं की जागा सोडते. कॉइल दाबायचं साधन हातात नसेल तर हे काम स्वतः करू नका, दाबलेली कॉइल सुटली तर माणूस जातो. पुढे सगळ्यात कमी घ्या, कारण स्टीयरिंगच्या दांड्यांचे कोन इथेच बिघडतात.

टप्पा ९ : ब्रेकचा व्हॉल्व्ह आणि नारिंगी केबल

गेल्या आषाढात मालवणकडून एक गाडी आली. मालक शांत माणूस, एवढंच म्हणाला, "मेस्त्री, पावसात ब्रेक मारलो की पाठची बाजू सरकता." टायर चांगले, ब्रेक पॅड नवे. खाली गेलो आणि हात मागच्या एक्सलवरून चेसिसकडे जाणाऱ्या एका बारीक दांडीवर गेला. दांडी नेहमीपेक्षा वर उचललेली होती.

तो एलएसपीव्ही, म्हणजे भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह. बऱ्याच मालवाहू गाड्यांत तो चेसिसवर असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. हौद्यात वजन पडलं की चेसिस खाली येते, दांडी वर जाते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी खाली घेतली की त्या व्हॉल्व्हला वाटतं माल भरलाय. रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीचा ब्रेक मिळतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं अडकून गाडी फिरते. त्या माणसाची गाडी घाट उतरताना फिरली नाही, हे त्याचं नशीब.

उपाय अवघड नाही. काम सुरू करण्याआधी, रिकाम्या गाडीत, दांडीचा फोटो घ्या आणि तिच्या टोकापासून चेसिसपर्यंतचं अंतर लिहा. काम झाल्यावर दांडीची जोडणी बदलून तेच अंतर परत आणा. शेवटी रोलरवर ब्रेकची चाचणी करून घ्या. तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह नसेल आणि एबीएस असेल, तर चाकाच्या सेन्सरच्या वायरला दोन्ही टोकांना ढील आहे का ते पाहा.

त्याच गाडीत दुसरी गोष्ट दिसली ती जास्त भीतीदायक होती. नारिंगी केबलचं वरचं नळीसारखं कवच शॅकलला घासून अंगठ्याएवढ्या जागेत पातळ झालेलं होतं, आणि त्या जागेवर लाल चिखल बसलेला. पूर्वी तिथे दोन बोटं जागा असणार. गाडी खाली आली, शॅकल मागे कलला आणि केबलला लागला. मी हात न लावता गाडी कंपनीच्या माणसाकडे पाठवली.

तपासा : एक्सल पूर्ण लोंबता असताना आणि बंप स्टॉपला टेकलेला असताना, दोन्ही स्थितींत नारिंगी केबल, थंडाव्याची नळी आणि ब्रेकची नळी यांच्याभोवती बोटभर तरी जागा हवी. नळी ताणली जाता कामा नये आणि कुठल्याही हलत्या भागाला लागता कामा नये. मोटर चेसिसवर असून मध्ये प्रोपेलर शाफ्ट असेल, तर मोबाइलच्या कोनमापकाने शाफ्टचा कोन आधी आणि नंतर मोजा. कोन बदलला तर वेगात गाडी थरथरते.

टप्पा १० : जमिनीवर उतरवल्यावर

गाडी उतरवा, हौद्यात दोघं उभे राहून दहा वेळा दाबा, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. आता डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट टॉर्कवर घट्ट करा. चारही कोपऱ्यांचं मडगार्डचं माप घ्या आणि टप्पा ३ च्या कागदाशेजारी लिहा. डावी-उजवी बाजू ५ मिलिमीटरच्या आत जुळायला हवी. चालकाची बाजू थोडी कमी निघते, तिथे आधीपासून फरक होता का ते जुन्या आकड्यांत पाहा.

बॅटरीच्या खालच्या बिंदूचं अंतरही पुन्हा घ्या. ठरवलं त्यापेक्षा जास्त खाली आली असेल तर आज गाडी बाहेर काढू नका.

हेडलाइटचा प्रकाश काम सुरू करण्याआधीच भिंतीवर खडूने आखून ठेवलेला हवा. गाडी त्याच जागी उभी करा आणि रेषा जुळवा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली गेलेली असल्यामुळे प्रकाश वर उठतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. महामार्ग ६६ वर रात्री हा त्रास रोज सोसावा लागतो, त्यात आपली भर नको.

टप्पा ११ : पहिले ५०० किलोमीटर

पहिली फेरी रिकामी आणि दिवसा. मोकळ्या कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगात जोराने ब्रेक मारून पाहा. गाडी सरळ थांबायला हवी. १०० किलोमीटरला यू बोल्टच्या पांढऱ्या रेघा पाहा आणि टॉर्क पुन्हा तपासा, ५०० ला परत. पाटे या काळात आणखी थोडे बसतात, म्हणून व्हील अलाइनमेंट आधीच करून पैसे घालवू नका. १०० ते २०० किलोमीटर झाल्यावर करा.

फोटोसाठी गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत नेऊ नका. बॅटरीच्या पेटीवर आयपी६७ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ती एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकते, तेही पेटी नवी आणि अखंड असताना. खाली घेतलेल्या गाडीची चाकं वाळूत रुतली की पेटी वाळूवर बसते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. खाडीच्या रस्त्यावर खारं पाणी साचलं असेल तर दुसरी वाट घ्या.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने खालून धुवा. दाबाच्या पाण्याचा फवारा कनेक्टरवर सरळ मारू नका. पेटीच्या तळावर नवा ओरखडा दिसला तर त्याचा फोटो तारखेसह ठेवा, पोचा दिसला तर गाडी चार्जिंगला न लावता कंपनीला दाखवा.

काढलेले शॉकअप, आणि बाक कमी केलेल्या पाट्यांच्या जागी मूळ बाकाचा एक जादा संच मिळाला तर तोही, तेल लावून गोणपाटात गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. गोणपाटावर गाडीचा नंबर आणि टप्पा ३ मधली सगळी मापं लिहून ठेवा. गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणायची झाली तर तोच कागद लागणार आहे.